लिलावाची बोली

१९९१ नंतर ‘निर्गुंतवणूक’ हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांत नित्याचा झाला. सरकारी कंपनीतला हिस्सा विकायचा, एवढाच त्याचा अर्थ. पण ऐकताना वाटावे की कुणी लोकरीचा गुंता सोडवीत बसले आहे. दिल्लीतल्या संबंधित खात्याच्या नावातून २०१६ साली हा शब्दही गेला आणि तेथे चक्क ‘गुंतवणूक’ येऊन बसली!

इंग्रजीतल्या ‘डायव्हेस्ट’चे मूळ लॅटिनमधल्या वस्त्रवाचक शब्दात आहे. ‘इन्व्हेस्ट’ म्हणजे अंगावर वस्त्र चढवणे, ‘डायव्हेस्ट’ म्हणजे उतरवणे. विकणारा ‘विकतो’ म्हणत नाही, तो अंगरखा काढून ठेवतो. पोर्तुगीज व्यापारी भाषेनेही हेच वस्त्र उचलले. ब्राझीलच्या पेट्रोब्रास या तेल कंपनीने २०१५ नंतर कर्जाचा भार हलका करण्यासाठी वायुवाहिन्या विकल्या, बाहियातला तेलशुद्धीकरण कारखाना विकला, त्या कार्यक्रमाचे नाव ‘निर्गुंतवणूक’च.

पोर्तुगीज कायद्यातला जुना शब्द मात्र आडपडदा ठेवत नाही. मालमत्ता दुसऱ्याला देणे म्हणजे ‘आलिएनासांव’, परके करणे. वेड लागण्यालाही हाच शब्द चालतो. निकामी यंत्र हिशेबातून काढणे म्हणजे ‘आबाते’, आणि खाटीकखान्यात जनावर कापणे म्हणजेही ‘आबाते’. आम्ही बँकेत नुसते ‘राइट ऑफ’ लिहीत असू. कर्जदाराला वाटे, कर्ज माफ झाले. वसुली चालूच असे.

आणि ‘लेइलांव’ तर आपल्या घरातलाच. आपला ‘लिलाव’ त्यावरूनच आला. ६ मे १९९७ रोजी रिओच्या शेअर बाजारात ‘वाले’ या खाण कंपनीची मालकी अशा लिलावानेच गेली. बाहेर निदर्शने चालू होती, कोर्टांत दाव्यांची रीघ लागली होती. लिलाव म्हटले की विकणारा, घेणारा आणि किंमत तिन्ही डोळ्यांसमोर उभी राहतात, म्हणून मला हा शब्द प्रामाणिक वाटतो. ‘खासगीकरण’ तेवढा विश्वासू नाही. कर्जात बुडालेल्या पोर्तुगालने २०११ साली ‘ईडीपी’ या वीज कंपनीतला २१.३५ टक्के हिस्सा खासगीकरण म्हणून विकला, तो चिनी सरकारच्या कंपनीला!

इंग्लंडचे माजी पंतप्रधान हॅरॉल्ड मॅकमिलन यांनी १९८५ साली अशा विक्रीला घरातली चांदी विकण्याची उपमा दिली. काही दिवसांनी उमरावांच्या सभागृहात त्यांनी खुलासा केला, की आपली हरकत विक्रीला नव्हती. भांडवल मोडून आलेला पैसा रोजचे उत्पन्न समजून खर्च करण्याला होती. बँकेत गेलेल्या माणसाला हे चटकन पटते. मुदतठेव मोडून किराणा भरणारा ग्राहक पाहिला की कारकुनाचा हातही क्षणभर थांबतो.

आपल्याकडे २००५ साली राष्ट्रीय गुंतवणूक निधी स्थापन झाला. विक्रीचा पैसा त्यात कायम ठेवायचा आणि खर्चाला फक्त त्याचे उत्पन्न घ्यायचे, असे ठरले. २००९ साली मंदीचे कारण देऊन मूळ रकमेलाही हात लावायची मुभा सरकारने घेतली.