भाडे कमी झाले, बाकीच्या खर्चाचे काय?

२०२५ च्या बकरी ईदला माझे मेहुणे पुण्याहून सहकुटुंब धाराशिवला आले होते. कोंढव्यात त्यांचा लेडीज कुर्ते शिवण्याचा छोटा कारखाना आहे. पुण्यातले दुकानदार कापड देतात, हे शिवून देतात, नगावर मजुरी. जेवणे झाल्यावर त्यांनी विषय काढला. "भाईजान, पुणे आता परवडत नाही. दर अकरा महिन्यांनी करार नवा आणि भाडेही नवे. तुमच्या गल्लीत दोन खोल्या पाहून ठेवा. आम्ही इकडेच येतो."

अम्मींनी एवढे ऐकले आणि त्यांचा चेहरा खुलला. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि माझ्याकडे असतात. मुलगी वीस वर्षांपासून पुण्यात आहे. त्यांनी रात्रीच कोणती खोली रिकामी आहे, कोणाच्या अंगणात बोअर आहे, हे सांगायला सुरुवात केली. मी मात्र मेहुण्यांना म्हणालो, खोली नंतर पाहू, आधी वही आणा.

असे म्हणण्याचे कारण आहे. १९९७ साली हीच चूक मी केली आहे. त्या वेळी मी सोलापुरात विजापूर वेशीजवळ भाड्याने राहत होतो आणि फिरून कापड विकत होतो. नळदुर्गला निम्म्या भाड्यात घर आणि खाली दुकान मिळते म्हणून बिऱ्हाड हलवले. दोन ठिकाणची भाडी एका कागदावर लिहिली, वजाबाकी केली आणि उरलेली रक्कम म्हणजे बचत असे समजलो. माल आणायला आठवड्याला सोलापूर गाठावे लागेल, एसटी, हमाली, बाहेरचे जेवण लागेल, हे त्या कागदावर नव्हते. पहिल्या बाळंतपणाला रात्री जीप करून पन्नासेक किलोमीटर सोलापूरला पळावे लागेल, हेही नव्हते. तीन वर्षांनी दुकान आवरले. भाडे खरोखरच निम्मे होते, हे मान्य केले पाहिजे.

व्यापारी माणूस ताग्याचा भाव काढताना वाहतूक, हमाली, घट, व्याज सगळे धरतो. घर हलवताना मात्र तोच माणूस खरेदीचा भाव तेवढा पाहतो. असे का होते हे मला अजून समजलेले नाही.

आपल्यात आणखी एक समज पक्का आहे की, लहान गावात सर्वच स्वस्त. हा समज सरकारी हिशेबाशी ताडून पाहावा. केंद्र सरकारच्या नोकरांना महागाई भत्ता मिळतो, तो मुंबईत आणि भूममध्ये एकाच टक्क्याने मिळतो. ठळक फरक पडतो तो घरभाडे भत्त्यात. सातव्या वेतन आयोगाखाली जानेवारी २०२४ पासून तो मूळ पगाराच्या ३०, २० आणि १० टक्के असा झाला. पुणे-मुंबई ३० मध्ये, सोलापूर, भिवंडी, मालेगाव २० मध्ये, धाराशिव १० मध्ये. याखेरीज येण्याजाण्याचा भत्ता मोठ्या शहरांत काहीसा जास्त. म्हणजे सरकारच्या मते पुणे आणि धाराशिव यांत मुख्य फरक छपराचा आहे, ताटाचा नाही.

ते पटण्यासारखे आहे. विजेचा घरगुती दर पुण्यात आणि धाराशिवात एकच, कारण दोन्हीकडे महावितरण. औषधाच्या पाकिटावर छापलेली किंमत सारखी. मोबाईलचा रिचार्ज सारखा. साबण, तेलाची पिशवी, चहापत्ती सारखीच, उलट पुण्यातले मोठे मार्ट छापील किमतीतून चार पैसे कमी करतात आणि आपल्या गल्लीतला दुकानदार करत नाही, तो उधार देतो. इकडे स्वस्त मिळते ते मातीतून आणि गोठ्यातून येणारे: भाजी, दूध, ज्वारी, भूम-परंड्याकडचा खवा. बकरी ईदचा बोकडही खेड्यात जाऊन पारखून घेतला तर पुण्याच्या मानाने खूपच परवडतो. (जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये बदलले, बकरीचे नाव उस्मानाबादीच राहिले.)

पण या स्वस्त वस्तूंचा घरखर्चातला वाटाच कमी होत चालला आहे. सिमल्याचा श्रम ब्युरो कामगारांसाठी महागाईचा निर्देशांक काढतो, त्यात सोलापूरही एक केंद्र आहे. २००१ च्या पायावरील निर्देशांकात खाण्याचे वजन १०० पैकी ४६.२ होते. २०१६ च्या पायावर ते ३९.१७ झाले. त्याच वेळी दवाखाना, शिक्षण, प्रवास वगैरे किरकोळ म्हणून धरलेल्या खर्चाचे वजन २३.२६ वरून ३०.३१ वर गेले. म्हणजे जो खर्च लहान गावात आल्यावर वाढतो तोच मोठा झाला आहे. एक सावधगिरी इथेच सांगतो. हा निर्देशांक एकाच गावातले आजचे आणि पूर्वीचे भाव तोलण्यासाठी आहे. सोलापूरचा आकडा मुंबईपेक्षा मोठा दिसला म्हणून सोलापूर महाग ठरत नाही. वर्तमानपत्रात आकडे पाहून बरेच जण असे निष्कर्ष काढतात.

दुसरा आकडाही असाच फसवतो. २०२३-२४ च्या सरकारी पाहणीत देशातील खेड्यात दरमाणशी महिन्याचा खर्च ४,१२२ रुपये आणि शहरात ६,९९६ रुपये निघाला. यावरून खेडे स्वस्त आहे असे म्हणता येत नाही. खेड्यातला माणूस कमी घेतो, हेही त्यात आहे. तुमच्या घरात जे लागते ते लागणारच.

म्हणून वही. मेहुण्यांना मी सांगितले की, एका महिन्याची नको, बारा महिन्यांची पाहिजे. रमजान आणि ईदचे कपडे, शाळेची फी, लग्नातला आहेर, पावसाळ्यातला ताप, हे सगळे वर्षातून एकदा-दोनदा येते आणि महिन्याच्या हिशेबातून निसटते. वर्षाची बेरीज करून १२ ने भागायचे. हे काम भाचीने अंगावर घेतले. ती बारावी कॉमर्स झाली आहे आणि तिला सी.ए. करायचे आहे. माझ्या वडिलांची वही उर्दूत असे, मीही तशीच ठेवतो. भाचीने ती पाहून हसत हसत सगळे नव्याने मांडले.

घरचे खरे आकडे छापायचे नसतात, म्हणून इथे गोल आकडे घेतो. समजा, पुण्यात भाडे आणि सोसायटीचा खर्च मिळून १५,००० रुपये आणि धाराशिवात तशाच घराचे भाडे ५,५००. वाचले ९,५००. भाजी-दूध-धान्यात १,००० आणि धाकट्याच्या रिक्षात १,००० वाचले असे धरा. एकूण ११,५००. इथपर्यंत मेहुणे खूष.

आता दुसरी बाजू. काम देणारे दुकानदार पुण्यातच आहेत. महिन्यातून दोनदा सुमारे अडीचशे किलोमीटर जाणे-येणे, गठ्ठ्याचे भाडे, हमाली: ४,०००. भाचीला सी.ए.चे वर्ग पुण्यात किंवा सोलापुरात करावे लागणार, धाराशिवला राहून जमणार नाही, असे तिचे म्हणणे. तिचे राहणे आणि मेस ५,५००. बहिणीच्या सासूबाईंना दर तीन महिन्यांनी हृदयाच्या डॉक्टरांना दाखवावे लागते, त्यांचा डॉक्टर बदलायचा नाही. प्रत्येक खेपेला २,४०० धरले तर महिन्याला ८००. उन्हाळ्यात चार महिने टँकर, महिन्याला १,२००, वर्षावर पसरले तर ४००. बेरीज १०,७००. महिना ८०० रुपये वाचण्यासाठी बिऱ्हाड हलवायचे.

पाण्याचे कलम पुण्याच्या माणसाला अतिशयोक्ती वाटते. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. धाराशिव शहराला शंभरावर किलोमीटर दूरच्या उजनीचे पाणी आणले गेले, त्यामुळे पूर्वीइतके हाल नाहीत. तरी घर पाहायला यावे ते मे महिन्यात. दिवाळीत आलात तर प्रत्येक घरमालकाची टाकी भरलेली दिसेल.

हिशेब इथे संपला असे वाटत असताना भाची म्हणाली, "मामू, अम्मीचे पैसे कुठे लिहू?" आम्ही दोघेही तिच्याकडे पाहत राहिलो. माझी बहीण दुपारी साड्यांना फॉल-पिको करते, संध्याकाळी सोसायटीतल्या मुलांना शिकवते. समजा, त्यातून ४,००० मिळतात. वीस वर्षे हा पैसा घरात येत होता आणि नवऱ्याच्या वहीत नव्हता, माझ्याही हिशेबात नव्हता. गिऱ्हाईक जिने चढून घरी येते म्हणून ते काम चालते. नव्या गल्लीत पहिले वर्ष तरी ते शून्य धरावे लागेल. ८०० वाचणार होते तिथे ३,२०० तोटा निघाला. बहीण काही बोलली नाही. चहाचे कप उचलून आत गेली.

मेहुणे म्हणाले, मग इथेच दुकान टाकतो, पुण्याचे काम सोडतो. अनामत परत मिळेल ती भांडवल होईल. या विचारावर कारागीर बांधवांनी थोडे थांबावे, कारण इथे पुष्कळ घरे बसली आहेत. अनामत हा नफा नव्हे, आपलाच अडकलेला पैसा सुटतो. तो दुकानात घातला की पुन्हा अडकतो आणि या वेळी गिऱ्हाइकाकडे अडकतो. आपल्या जिल्ह्यात पैसा सोयाबीन निघाल्यावर येतो, मग तुरीचा, मग उसाच्या बिलाचा. मधले महिने बाजार उधारीवर चालतो. घरभाडे, फी, वीजबिल मात्र दरमहा रोख. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याखाली विकावे लागले. माझ्या वसुलीवर त्याचा काय परिणाम झाला ते मला विचारा. त्यानंतर २०२५ च्या सप्टेंबरमध्ये परंडा-भूमकडे अतिवृष्टीने शिवारेच वाहून गेली. रमजान ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. ती सुगीच्या जवळ आली तर धंदा रोख होतो, उन्हाळ्यात आली तर खातेवही भरते. पुण्यातली मजुरी कमी वाटली तरी आठवड्याला हातात पडते. इथे नव्याने बसणाऱ्याने सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवूनच शटर उघडावे. ती रक्कम स्थलांतराच्या खर्चात धरली पाहिजे, टेम्पोच्या भाड्याइतकीच.

दिवाळीनंतर भाचीने तिसरा कागद केला, सोलापूरचा. मला ते सुचले नव्हते, किंवा १९९७ नंतर सुचावेसे वाटले नव्हते. सोलापुरात भाडे धाराशिवपेक्षा जास्त, समजा ८,५००. पुण्याच्या मानाने ६,५०० वाचतात, भाजी-दुधात ५००. तिथून पुण्याला रेल्वे आहे, हुतात्मा एक्स्प्रेस आहे, म्हणून दोन खेपांचे ३,००० धरले. भाची घरी राहून वर्गाला जाईल, मेस नाही. सासूबाईंसाठी तिथे डॉक्टर आहेत, मग पुण्याचाच हट्ट धरायचे कारण नाही. नळाला रोज पाणी येत नाही, त्याचे २०० धरले. उरले ३,८००. शहर मोठे असल्याने बहिणीचे निम्मे काम तरी लागेल, म्हणजे २,००० चा तोटा वजा करून १,८००. शिवाय सोलापुरात गणवेश आणि रेडिमेडचा धंदा मोठा आहे, पुण्याचे एखादे गिऱ्हाईक तुटले तर शेजारी काम शोधता येईल. ज्या गावाचे भाडे जास्त तेच घर हिशेबात पुढे आले.

प्रत्येकाला सोलापूर सोयीचे पडेल असे नाही. ज्याची मुले लहान आहेत, स्वतःचे वडिलोपार्जित घर आहे आणि ज्याचा माल इथल्याच आठवडी बाजारात खपतो, त्याने धाराशिव, उमरगा, कळंब खुशाल निवडावे. त्याचा कागद वेगळा निघेल. रेशनची अडचण मात्र कोणी पुढे करू नये. कार्ड आधारशी जोडलेले असेल तर दुसऱ्या गावच्या दुकानातूनही धान्य उचलता येते.

अम्मींना हे सांगणे माझ्याकडे आले. त्यांनी गल्लीतली खोली मनाने सजवून ठेवली होती. कागद समजावून सांगितला, त्यांनी शेवटपर्यंत ऐकला आणि विचारले, "सोलापूर किती लांब?" तुळजापूरमार्गे सत्तरेक किलोमीटर, मी म्हणालो. मार्च २०२३ पासून एसटीत बहिणीला अर्धे तिकीट आहे आणि पंचाहत्तरीच्या पुढे असल्याने अम्मींना २०२२ पासून तिकीटच नाही. त्यांनी आधार कार्ड कुठे ठेवले आहे ते विचारून घेतले आणि उशाखाली ठेवले.