एकच तबकडी, वेगवेगळे कान

ध्वनिमुद्रण एकच असले, तरी प्रत्येकाला ऐकू येणारे गाणे वेगळे असते. तरुण, निरोगी कान सुमारे २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी टिपतो. वय वाढते तशी वरची मर्यादा खाली येते. पुढचे काम मेंदूचे. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खरखर सरावलेला श्रोता काही क्षणांत विसरतो. नवख्याला आधी तीच जाणवते. मोबाइलच्या इवल्या स्पीकरमधून तानपुऱ्याचा खर्ज जेमतेम निघतो, पण त्याच्या वरच्या स्वरांशांवरून मेंदू तो भरून काढतो. भाषा आणि आठवणीही ऐकण्यात मिसळतात. बंगळुरूच्या एकाच घरात भीमसेन जोशींची कन्नड दासपदे लागली, तर कन्नड श्रोत्याला शब्द भिडतात आणि कन्नड न जाणणारा मराठी श्रोता स्वरांवर तरंगतो.