मिजास, ॲटिट्यूड आणि 'टेम्परामेंटल': स्वभाव सांगणारे इंग्रजी शब्द वापरताना आपण कुठे फसतो?

इंटरव्ह्यू बीडमध्ये असो की पुण्यात, पहिला प्रश्न ठरलेलाच असतो: स्वतःबद्दल सांगा. उत्तरही बहुतेकदा ठरलेलं असतं. 'आय ॲम हार्डवर्किंग, आय ॲम फ्रँक, आय ॲम सिंपल.' तीन शब्दांत माणूस संपला! तोच उमेदवार गावाकडच्या शेजाऱ्याबद्दल मराठीत बोलायला लागला, की तिरसट, बेरकी, घुमा, आतल्या गाठीचा, तोंडाने फटकळ पण मनाने साफ असे किती तरी बारकावे सहज सांगतो. म्हणजे माणूस ओळखण्यात तो कमी नाही, फक्त इंग्रजी शब्द अपुरे पडतात. आणि जे येतात त्यातले काही त्याच्याच अंगावर उलटतात.

'सिंपल' हाच शब्द घ्या. आपल्याला म्हणायचं असतं साधा, डामडौल नसलेला. पण इंग्रजीत माणसाला 'सिंपल' म्हटलं, की ऐकणाऱ्याला 'फारशी समज नसलेला' असंही ऐकू येऊ शकतं. साधेपणासाठी 'अनअझ्यूमिंग' किंवा 'डाउन टू अर्थ' म्हणावं. 'फ्रँक'चंही तसंच. मनातलं आडपडदा न ठेवता सांगणारा 'कँडिड', समोरच्याला लागेल याची पर्वा न करणारा 'ब्लंट'. फटकळ म्हणजे 'ब्लंट'. इंटरव्ह्यूत ते कौतुक समजलं जाईलच असं नाही. 'स्मार्ट' म्हणजे आपल्याकडे टापटीप, दिसायला छान. अमेरिकेत म्हणजे हुशार. 'कनिंग' आपण चाणाक्ष या अर्थाने वापरतो, पण त्यात धूर्तपणाचा वास आहे. चाणाक्ष माणूस 'अस्ट्यूट' किंवा 'श्रूड'.

सगळ्यात मोठा घोळ लग्नाच्या बायोडेटात होतो. 'होमली गर्ल' म्हणजे घर सांभाळणारी, घरगुती वळणाची, असं आपण धरून चालतो. स्थळ अमेरिकेतलं असेल तर जपून, कारण तिथे 'होमली' म्हणजे दिसायला अगदीच बेताची!

हट्टी, चिवट की चिकट?

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे धावपटू अविनाश साबळे यांचं गाव. लष्करात असताना त्यांनी सियाचिनसारख्या ठिकाणी नोकरी केली आणि पुढे ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये नाव काढलं. या शर्यतीत अडथळे आणि पाण्याचे खड्डे ओलांडत धावायचं असतं. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवलं. सुवर्ण ०.०५ सेकंदाने हुकलं. १९९४ नंतर या शर्यतीत केनियाबाहेरच्या खेळाडूला पदक मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये या प्रकाराच्या अंतिम फेरीत पोहोचणारे ते पहिले भारतीय पुरुष ठरले.

अशा कामगिरीला कोणता शब्द लावाल? 'स्टबर्न' नक्कीच नाही. तो हट्टीपणा झाला, आणि हट्टी माणूस चुकीच्या बाजूनेही अडून बसतो. 'टेनेशस' हा शब्द धरून ठेवणं या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आला. जे एकदा धरलं ते सुटत नाही. आपली 'चिकाटी'ही 'चिकट'चीच बहीण. फरक एवढाच, की आपल्याकडे नुसतं 'चिकट' म्हटलं तर माणूस कंजूष ठरतो. 'रेझिलियंट'चं मूळ उलट उसळी घेणं यात आहे. म्हणून आधी काहीतरी आपटावं लागतं, मगच हा शब्द शोभतो. ज्याचं सगळं आयुष्य सुरळीत गेलं त्याने बायोमध्ये 'रेझिलियंट' लिहू नये. 'डॉग्ड'मध्ये चक्क कुत्रा आहे, तरी ती शिवी नाही: दमला, हाफला, पण माग सोडला नाही असा माणूस. आणि 'स्टोइक' म्हणजे दुःख गिळून शांत राहणारा. अथेन्समध्ये इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास झीनो नावाचा तत्त्वज्ञ ज्या खांबांच्या ओसरीत शिकवायचा, तिला ग्रीकमध्ये 'स्टोआ' म्हणत. त्यावरून हा शब्द आला. म्हणजे शब्दशः 'ओसरीवरचा'!

एकाच गुणाला तीन नावं कशी पडतात, यावर तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी १९४८ मध्ये बीबीसी रेडिओवर मजा केली होती. मी ठाम असतो, तुम्ही हट्टी असता आणि तो तिसरा मात्र अडेलतट्टू मूर्ख, असा त्यांचा रोख होता. शब्द निवडताना हे लक्षात ठेवलं तर निम्मं काम होतं. काटकसर करणारा 'थ्रिफ्टी', पैसा न सोडणारा 'स्टिंजी'. आपलं म्हणणं न घाबरता मांडणारा 'असर्टिव्ह', अंगावर येणारा 'ॲग्रेसिव्ह'.

रक्त, पित्त आणि शनी

आता 'टेम्परामेंट' या शब्दाकडे या. तो लॅटिनमधून आला आणि त्याच्या मुळाशी 'योग्य प्रमाणात मिसळणं' हा अर्थ आहे. जुन्या ग्रीक वैद्यकात शरीरात चार द्रव मानत: रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. मिश्रण जसं, तसा स्वभाव. रक्त जास्त तो 'सँग्विन', म्हणजे आशावादी. कफ जास्त तो 'फ्लेग्मॅटिक', म्हणजे काहीही झालं तरी ढिम्म. काळं पित्त जास्त तो 'मेलँकोलिक', उदास. पिवळं पित्त जास्त तो 'कोलेरिक', तापट. आयुर्वेदात दोष तीनच, पण कुणाचं डोकं फिरलं की आपणही 'पित्त खवळलं' म्हणतोच.

अरबीतल्या 'मिजाज'चा मूळ अर्थही मिश्रणच. ग्रीक वैद्यक अरबीत गेलं आणि युनानी हकिमांबरोबर हा शब्द आपल्याकडे रुळला. सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, सरकारी कारभार उर्दूत चाले, अंबाजोगाईचं नाव तेव्हा मोमिनाबाद होतं. मराठीने 'मिजाज'ची 'मिजास' केली आणि अर्थ फक्त तोरा एवढाच ठेवला. इंग्रजीत असंच झालं: 'टेम्परामेंट' म्हणजे स्वभाव, पण 'टेम्परामेंटल' म्हणजे लहरी, कधी बिनसेल याचा नेम नाही असा. ताजं उदाहरण 'ॲटिट्यूड'चं. इंग्रजीत तो वृत्ती दाखवणारा साधा शब्द, पण 'त्याला लय ॲटिट्यूड आहे' यात पुन्हा मिजासच! (इंग्रजांनीही बोलीभाषेत त्याला हेच वळण दिलंय, त्यामुळे दोष एकट्या आपला नाही.)

'टेम्पर' आणखी एका कामाला येतो. पोलाद तापवून त्याचा कडकपणा आणि चिवटपणा नेमका जुळवण्यालाही 'टेम्पर' करणं म्हणतात. ऊसतोडीच्या जिल्ह्यात कोयत्याला 'पाणी देणं' म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. त्याच पाण्यावरून आपण माणसाला 'पाणीदार' म्हणतो. इंग्रजीतही माणसाचं पाणी जोखायला जो 'मेटल' शब्द आहे, तो धातूच्या 'मेटल'चंच वेगळ्या स्पेलिंगचं रूप आहे.

ग्रहही मागे नाहीत. गुरूच्या प्रभावाखालचा तो 'जोव्हियल', आनंदी. बुधाचा 'मर्क्युरियल', घडीत एक घडीत एक. शनीचा 'सॅटर्नाइन', गंभीर, काळवंडल्या चेहऱ्याचा. गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनच्या शनीला जाणाऱ्यांना हा शब्द पाठ करायची गरजच नाही.

अठरा हजारांतून निवडायचं काय?

गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ओडबर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९३६ मध्ये एका जाड इंग्रजी शब्दकोशातून माणसाचं वर्णन करणारे १७,९५३ शब्द वेचून काढले. टिकाऊ स्वभाव सांगणारे निघाले फक्त ४,५०४. बाकीच्यांत काही त्या क्षणाची मनःस्थिती सांगणारे होते. सर्वांत मोठा गट ५,२२६ शब्दांचा, आणि तो होता बोलणाऱ्याचं मत सांगणारा. 'फालतू', 'भारी', 'टॉक्सिक' हे त्याच जातीचे. रील्सवर जो तो समोरच्याला 'नार्सिसिस्ट' ठरवतो, तेव्हा बऱ्याचदा रागच बोलत असतो. ज्या विकारात हे नाव येतं, त्याचं निदान करणं तज्ज्ञाचं काम आहे. 'इंट्रोव्हर्ट' म्हणजे लाजाळू, हेही खरं नाही. लाजाळू माणसाला बोलायचं असतं पण धीर होत नाही. 'इंट्रोव्हर्ट'ला एकटेपणातच बरं वाटतं. कमी बोलणारा 'रेटिसंट', आणि अबोलपणात थोडा तुसडेपणा असेल तर 'टॅसिटर्न', आपला घुमा.

काही शब्द मात्र नेमके बसत नाहीत. अख्खं गाव जिला वचकून असतं त्या खमक्या आजीला 'फायस्टी' म्हणाल तर ती लहान होईल. लहानखुऱ्या, भुंकऱ्या कुत्र्याच्या नावावरून आलेल्या या शब्दात कौतुक वरून खाली बघत केलेलं असतं. तिला 'फॉर्मिडेबल' जास्त शोभतं. 'भिडस्त'साठी तर एक शब्द पुरतच नाही. 'शाय' नाही, कारण तो चार लोकांत मोकळा बोलतो. 'पीपल प्लीझर'ही नाही, कारण त्यात मर्जी राखण्याची धडपड आहे. भिडस्त माणूस उसने पैसे मागणाऱ्याला नाही म्हणू शकत नाही, आणि आपले उसने दिलेले परत मागायलाही त्याची जीभ रेटत नाही. इंग्रजीत सांगायची वेळ आली तर हे पूर्ण वाक्यच सांगावं.