चीनची मृण्मय लोककला आणि तिचे कारागीर

चीनमधील मातीची शिल्पे म्हटली की पहिला सम्राट छिन शी हुआंग याच्या समाधीजवळ पुरलेले सैन्य आठवते. त्यातील काही सैनिकांच्या अंगावर घडविणाऱ्यांची नावे उमटविलेली आहेत. ती गौरवासाठी नव्हती. काम सदोष निघाल्यास जाब कोणाला विचारावा, हे कळावे म्हणून होती. कारागिराच्या नावाला प्रतिष्ठा कशी आली, हे पाहायचे तर सम्राटांच्या समाध्या सोडून बाजारात यावे लागते.

सोंग राजवटीत (९६०–१२७९) सातव्या महिन्याच्या सप्तमीच्या सणाला ‘मोहउलो’ नावाची मातीची बालके विकली जात. मंग युआनलाओ याने राजधानी खायफंगच्या आठवणींत (११४७) त्यांची नोंद केली आहे. हा शब्द मूळचा चिनी नव्हे. बौद्ध परंपरेबरोबर तो भारतातून गेला असे मानतात. कोणी त्याचे मूळ ‘महोरग’ सांगतात, कोणी ‘राहुल’. भगवान बुद्धांच्या पुत्राचे नाव चिनी मुलांच्या बाहुलीला मिळाले असावे, हे मला अधिक पटते. परंतु अभ्यासकांचा वाद मिटलेला नाही.

त्याच काळातील कवी लू यौ लिहितो की त्येन नावाच्या घराण्याने घडविलेल्या बालकांच्या एका जोडीला रेशमाच्या दहा ठाणांइतकी किंमत येई. माती सर्वत्र फुकट मिळते. ही किंमत हाताची होती. झेनच्यांग येथे सापडलेल्या सोंगकालीन बालमूर्तींवर कारागिराच्या नावाचा शिक्का आहे. तो आता अधिकाऱ्यासाठी नव्हता, गिऱ्हाइकासाठी होता.

च्यांगसू प्रांतातील वूशी शहराजवळ हुईशान हा डोंगर आहे. त्याच्या पायथ्याच्या भातशेतीखाली सुमारे मीटरभर खोल काळी, लोण्यासारखी मऊ माती लागते. ती खणून लाकडी मोगरीने कुटतात, मळतात आणि भट्टीत न भाजता सावलीत वाळवतात. शेतकरी कुटुंबे शेतीची कामे संपली की साच्यातून मूर्ती काढत आणि देवळांच्या यात्रेकरूंना विकत. गुबगुबीत, हसरा ‘आफू’ हा त्यांतील सर्वांत लाडका. कुशीत सिंहासारखे श्वापद घेऊन तो बसलेला असतो. रेशीम उत्पादकांसाठी मातीची मांजरे असत. रेशमाचे किडे खाणाऱ्या उंदरांना ती धाक घालतील, अशी समजूत होती. या साच्याच्या मालाला ‘जाडा’ आणि हाताने घडविलेल्या नाट्यपात्रांना ‘बारीक’ माल म्हणत. घडण तीन हिस्से आणि रंगकाम सात हिस्से, असा तेथील कारागिरांचा हिशेब आहे. ‘जाडा’ हा शब्द मला खटकतो. आफूला ज्या अनामिक शेतकरी स्त्रीपुरुषांनी रूप दिले, त्यांची कल्पकता काही कमी नव्हती.

उत्तरेकडे तियानजिन येथे मात्र एक नाव अमर झाले. चांग मिंगशान (१८२६–१९०६) बाहीत मातीचा गोळा लपवून नाटकाला बसे आणि रंगमंचावरील नटाचा चेहरा न पाहता बोटांनी उतरवी, असे सांगतात. या घराण्याची माती कापूस मिसळून कुटलेली आणि दीर्घकाळ मुरवलेली असते. त्यामुळे तिला सहसा तडा जात नाही. लोकांनी त्याला ‘नीरन चांग’, म्हणजे मातीच्या माणसांचा चांग, म्हटले. एका मातब्बर धनिकाने भर खानावळीत त्याची टिंगल केली, तेव्हा त्याने त्या धनिकाचीच मूर्ती घडवून दुसऱ्या दिवशी तशाच मूर्तींची रांग बाजारात स्वस्तात विकायला मांडली, अशी कथा आहे. लेखक फंग चित्साय यांनी ती लिहून घरोघर पोहोचविली. खरी असो वा रचलेली, श्रमजीवी माणसाच्या हाती कोणते शस्त्र असते, हे ती नेमके जाणते.

२००६ मध्ये चीनने तियानजिन आणि हुईशान या दोन्ही परंपरांना राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या पहिल्या यादीत स्थान दिले. दरम्यान ‘नीरन चांग’ हे नाव वापरण्याचा हक्क कोणाचा, यावरून खटले उभे राहिले. बीजिंगमधील एका व्यवसायाविरुद्धचा खटला थेट सर्वोच्च जन न्यायालयापर्यंत गेला आणि २०१२ मध्ये तेथे निकाल तियानजिनच्या चांग घराण्याच्या बाजूने लागला.