विश्लेषण : प्लेटलेट्स पुरेशा, पण काम करतात का? ‘नॉर्मल’ कसे ठरते?

पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की घरोघरी एकच चौकशी असते, ‘प्लेटलेट्स किती?’ एका मायक्रोलिटर रक्तात साधारण दीड ते साडेचार लाख, हा आकडा आता अनेकांना पाठ आहे. पण संख्या पुरेशी असूनही काहींचा रक्तस्राव लवकर थांबत नाही. अशा वेळी प्लेटलेट्सचे काम तपासावे लागते. या चाचणीतला ‘नॉर्मल’ ठरतो कसा?

चाचणी कशी होते?

गुस्ताव बॉर्न यांनी १९६२ मध्ये मांडलेली पद्धत आजही वापरली जाते. प्लेटलेट्स असलेला प्लाझ्मा गढूळ दिसतो. त्यात एडीपी, कोलॅजेन, ॲड्रिनलिन यांसारखे पदार्थ घातले की प्लेटलेट्सच्या गुठळ्या होतात, द्रव निवळतो आणि त्यातून जास्त प्रकाश आरपार जातो. किती टक्के प्रकाश वाढला, हाच निकाल.

‘निरोगी’ कोणाला म्हणायचे?

तुलनेसाठी निवडलेल्या व्यक्तीला रक्तस्रावाचा त्रास नको आणि तिने अलीकडे वेदनाशामक गोळ्या घेतलेल्या नकोत. ॲस्पिरिनची एक गोळीही प्लेटलेट्सचे काम त्यांच्या आयुष्यभरासाठी, म्हणजे ७ ते १० दिवस, मंदावते. तेलकट जेवणानंतर प्लाझ्मा आणखी गढूळ होतो आणि प्रकाशाचे मोजमाप चुकते.

मर्यादा कशी आखतात?

सर्वमान्य संकेत किमान १२० निरोगी व्यक्तींचा आहे. त्यांचे निकाल क्रमाने लावून खालचे आणि वरचे अडीच-अडीच टक्के वगळतात. उरलेले मधले ९५ टक्के म्हणजे ‘नॉर्मल’. याचाच अर्थ, २० निरोगी लोकांपैकी एक जण मर्यादेबाहेर जाणारच. पाच पदार्थांचे निकाल एकमेकांपासून स्वतंत्र मानले, तर किमान एक निकाल बाहेर जाण्याची शक्यता सुमारे २३ टक्के होते. त्यात ॲड्रिनलिनला तर काही निरोगी लोकांच्या प्लेटलेट्स फारसा प्रतिसादच देत नाहीत. म्हणून एका निकालावरून निदान करत नाहीत, चाचणी पुन्हा करतात.

पुस्तकातला आकडा का चालत नाही?

यंत्र, पदार्थाचे प्रमाण आणि नमुना हाताळण्याची पद्धत बदलली की निकालही बदलतो. नमुना फ्रीजमध्ये ठेवता येत नाही आणि चाचणी साधारण चार तासांत उरकावी लागते. त्यामुळे प्रत्येक प्रयोगशाळेने स्वतःची मर्यादा ठरवणे अपेक्षित असते.

चुकले तर काय?

मर्यादा फार सैल असेल, तर ग्लान्झमन थ्रॉम्बॅस्थेनियासारखा ठळक आजार सापडेल, पण सौम्य दोष निसटेल आणि तो शस्त्रक्रियेच्या टेबलावर कळेल. फार कडक असेल, तर निरोगी माणसाची शस्त्रक्रिया विनाकारण लांबेल. संख्येबाबतचा धडा भारतातच मिळाला. पश्चिम बंगालमधील अनेक निरोगी रक्तदात्यांमध्ये प्लेटलेट्स कमी, पण आकाराने मोठ्या असल्याचे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉक्टरांनी २००२ मध्ये नोंदवले. त्यांना रक्तस्रावाचा त्रास नव्हता. कमी आकडा म्हणजे आजारच, असे नाही.

रुग्णाने काय लक्षात ठेवावे?

चाचणीपूर्वी घेतलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना सांगावी, मात्र हृदयविकारासाठी सुरू असलेले ॲस्पिरिन स्वतःहून बंद करू नये. दोन प्रयोगशाळांच्या टक्क्यांची थेट तुलना करू नये. रिपोर्टवरचा आकडा शेजारी छापलेल्या मर्यादेसोबतच वाचावा.