१०८९ सीसी

मामांच्या गाडीला गिऱ्हाईक आलं ते ज्येष्ठातल्या एका रविवारी. मेढ्यात सकाळपासून झिमझिम लागली होती. आलेले गृहस्थ पुण्याचे, साठीच्या आसपासचे, पायात साधी चप्पल. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि खिशातून मलमलीच्या फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढून बोनेटवर टेकवलं. चिकटलं. मग वीत-वीत अंतरावर उचलत, टेकवत ते दारांवरून, छपरावरून मागं गेले. उजव्या मागच्या मडगार्डवर, चाकाच्या कमानीच्या जरा वर, चुंबक टेकवून हात सोडला, तर ते टपकन खाली पडलं.

"इथं लांबी आहे, काका."

"हाय की," मामा म्हणाले. "बैलगाडीचं जू घुसलं हुतं. साताऱ्यात एकाकडं टाकली, तर त्यानं पत्रा ठोकलाच न्हाई. खड्ड्यात लांबी भरली, वर रंग मारला, आन् पैसं मात्र पत्र्याचं घेतलं."

मी अवघडलो. कारण जाहिरात मी लिहिली होती: 'दुर्मिळ इटालियन क्लासिक, पूर्णपणे रिस्टोअर केलेली.' मामांचं म्हणणं होतं की सरळ 'डुक्कर फियाट विकणे आहे' एवढं लिही. ते मला गावंढळ वाटलं होतं.

डुक्कर फियाट हे नाव नव्या वाचकांना सांगावं लागेल. पन्नासच्या दशकातली गोल पाठीची, पुढं नाकाड आलेली फियाट ११००. मुंबई-पुण्याकडं तिला कुणी दुसऱ्या नावानं ओळखत नसे. हिची पुढची दारं उलटी उघडायची, बिजागरी मागं आणि कडी पुढं, त्यामुळं नऊवारीतल्या बाईला आत बसणं सोपं जाई असं माझी आजी सांगायची. मामा मशीद बंदरला माथाडी टोळीत मुकादम होते. जावळी खोऱ्यातल्या निम्म्या घरांची चूल ज्या मुंबईवर पेटायची, तिथंच त्यांचीही. १९७८ साली एका पारशी सेठकडून त्यांनी ही १९५७ ची गाडी तिसऱ्या हातानं घेतली. गणपतीला आणि जत्रेला ती मेढ्याला यायची. केळघरचा घाट चढताना हमखास तापायची. मग माझं काम ठरलेलं: खाली उडी टाकायची, चाकामागं दगड लावायचा आणि ओढ्यावरून डबा भरून आणायचा.

चहा पिताना ते गृहस्थ सहज बोलून गेले, "या इंजिनाची एक कूपे न्यूयॉर्कच्या म्युझियममध्ये ठेवलीय." मला ती थाप वाटली. नंतर दोन महिने वाचत बसलो. थाप नव्हती.

गाडीचं नाव चिसितालिया २०२. कूपे म्हणजे दोन दारांची, दोन माणसांची, उतरत्या छपराची गाडी. ही बनवणारा तुरीनचा उद्योजक पिएरो दुसिओ. तरुणपणी युव्हेंटसकडून फुटबॉल खेळलेला आणि पुढं त्याच क्लबचा अध्यक्ष झालेला माणूस. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा इटलीत नवं इंजिन घडवायला ना पैसा होता ना माल. बाजारात मुबलक मिळत होते ते फियाट ११०० चे सुटे भाग. फियाटचा अभियंता दान्ते जाकोसा याच्या हाताखाली तयार झालेलं हे इंजिन १९३७ साली रस्त्यावर आलं होतं: चार सिलिंडर, ६८ मिलिमीटरचा बोअर, ७५ मिलिमीटरचा स्ट्रोक. गुणाकार करून पाहा, १०८९ सीसी येतात. मूळ ताकद ३२ अश्वशक्ती. दुसिओनं जाकोसालाच गाठून त्या इंजिनावर एकट्यानं बसायची शर्यतीची गाडी काढून घेतली, आणि १९४६ च्या सप्टेंबरात तुरीनच्या शर्यतीत ती स्वतः चालवून जिंकली. त्याच शर्यतीत तात्सिओ नुव्होलारी हा त्या काळचा दैवत मानला जाणारा चालकही होता. मध्येच त्याचं स्टिअरिंग चाक निखळून हातात आलं, तर ते उंच हलवून दाखवत तो आपल्या माणसांसमोरून तसाच गेला. मामांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "आपल्या गाडीचं स्टेरिंग तसलं सैल न्हाई."

पुढच्या वर्षी २०२ आली. इंजिन तेच १०८९ सीसीचं, पण कार्बोरेटर आणि दाब वाढवून ताकद पन्नासच्या पुढं नेलेली. १९४७ च्या जूनमध्ये युद्धानंतरची पहिली मिल्ले मिल्या झाली. ब्रेशियाहून रोम आणि परत ब्रेशिया, सुमारे १,८०० किलोमीटरची धाव, सार्वजनिक रस्त्यांवरून. नुव्होलारी ५४ वर्षांचा, प्रकृती ढासळलेली, उघडी २०२ घेऊन धोधो पावसात बराच वेळ सगळ्यांच्या पुढं होता. पाणी इग्निशनमध्ये शिरलं, गाडी बंद पडली, पुन्हा चालू करून तो दुसरा आला. जिंकली ती क्लेमेन्ते बिओन्देत्तीची अल्फा रोमिओ, २,९०० सीसीची आणि डोक्यावर छप्पर असलेली. तिच्या मागचे दोन, तीन आणि चार हे तिन्ही क्रमांक चिसितालियाचे. पावसात इग्निशनमध्ये पाणी शिरणं म्हणजे काय, हे केळघर घाटात फडक्यानं डिस्ट्रिब्युटरची टोपी पुसलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

पण म्युझियमनं ही गाडी घेतली ती शर्यतीसाठी नव्हे. बॉडीची कल्पना जोव्हान्नी साव्होनुत्सीची आणि घडण पिनिन फारिनाच्या कारखान्याची. तोवरच्या गाड्यांत बोनेट ही एक पेटी, मडगार्ड हे वेगळे कान, दिवे वरून बसवलेले डोळे, असा जोडकाम केलेला प्रकार असे. इथं कारागिरांनी ॲल्युमिनियमचा पत्रा लाकडी साच्यावर हातानं ठोकत ठोकत सगळं एकाच कातडीखाली आणलं. बोनेट मडगार्डांपेक्षा खाली गेलं, दिवे मडगार्डांत मुरले, पाठ न तुटता शेपटापर्यंत वाहत गेली. फोटोत बाजूनं पाहिली तर एकही सांधा डोळ्याला टोचत नाही. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं १९५१ साली आठ गाड्यांचं प्रदर्शन भरवलं, त्यात ही होती, आणि १९७२ पासून एक २०२ तिथल्या कायमच्या संग्रहात आहे. सगळे प्रकार धरून अशा सुमारे १७० गाड्याच झाल्या. दुसिओनं पोर्शेच्या अभियंत्यांकडून एक अफाट महागडी ग्रां प्री गाडी काढायचा घाट घातला, त्यात कंपनी बुडाली, आणि तो अर्जेंटिनाला निघून गेला.

इकडं त्याच इंजिनाचा दुसरा संसार कुर्ल्यात मांडला गेला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स उभी केली. आधी अमेरिकन डॉज आणि प्लिमथ जोडल्या, मग फियाटशी करार झाला, आणि १९५४ पासून ११०० निघू लागली. पुढं डिलाइट आली, प्रेसिडेंट आली, आणि १९७४ पासून पद्मिनी. इटलीतल्या ११००-डी ला १,२२१ सीसीचं इंजिन मिळालं, आपल्याकडं मात्र १०८९ च राहिलं. जाकोसानं तिशीत आखलेलं इंजिन मुंबईच्या टॅक्सीत विसावं शतक संपल्यावरही धडधडत होतं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळं २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली. दादर स्टेशनबाहेर ज्या गाडीत आपण बोचकी कोंबली, तिचं आणि त्या संग्रहालयातल्या कूपेचं काळीज एकाच घराण्यातलं. आणि त्या कूपेला कातडी चढवणारं पिनिनफारिना हे घराणं? २०१५ च्या डिसेंबरात महिंद्रांनी ते विकत घ्यायचा करार केला. आता त्याची मालकी मुंबईत आहे.

आता विकण्याकडं येतो, कारण लेख जाहिरातीपासून सुरू झाला.

इटालियन कूपेच्या बाजारात सगळ्यात वरच्या पायरीवर फेरारी २५० जीटीओ. १९६२ ते १९६४ मध्ये ३६ बनल्या. त्यांतली एक २०२३ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या लिलावात ५ कोटी १७ लाख डॉलरला गेली. एवढे पैसे पत्र्याचे आणि लोखंडाचे नसतात. ही गाडी कोणत्या शर्यतीत कोणाच्या हाती होती, चासी नंबर आणि इंजिन नंबर कारखान्याच्या वहीशी जुळतो का, अपघातानंतर कुठला भाग कोणी बदलला, याच्या कागदांचे ते पैसे. शर्यतीच्या गाडीत इंजिन बदलणं हा नित्याचा मामला होता, म्हणून मूळ इंजिन अजून पोटात असलेली गाडी वेगळ्याच भावानं जाते. मामांच्या फियाटपेक्षा चिसितालियाचा पत्रा तपासणं आणखी अवघड, कारण ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही. तिथं जाणकार बोटांच्या पेरांनी पत्रा चाचपतो आणि आतल्या बाजूनं हातोडीच्या खुणा शोधतो. आतून पत्रा आरशासारखा गुळगुळीत असेल तर शंका घ्यायची, कारण हातानं ठोकलेल्या पत्र्यावर घाव दिसायलाच हवेत.

आपल्याकडं याला जीर्णोद्धार हा शब्द तयार आहे, आणि त्याचा घोटाळाही. सातारा जिल्ह्यात फिरा. काळ्या दगडाचं जुनं देऊळ, जीर्णोद्धार झाला की खांबांना गुलाबी आणि निळा ऑइलपेंट, गाभाऱ्यात चकचकीत टाइल, दाराशी देणगीदारांची पाटी. लोकांची भक्ती खरी असते, पैसा घामाचा असतो, आणि सहाशे वर्षांची छिन्नीची खूण एका उन्हाळ्यात रंगाखाली जाते. गाड्यांच्या बाबतीतही जगभर हेच चाललं होतं: लिलावात चमकावी म्हणून मूळचा रंग खरवडायचा, मूळची चामडी सीट फेकायची, आणि कारखान्यातून निघाली तेव्हाही नव्हती इतकी गुळगुळीत गाडी उभी करायची. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं २०१२ साली तुरीनचं नाव दिलेली सनद स्वीकारली, ती जुन्या वास्तूंसाठी १९६४ साली व्हेनिसमध्ये झालेल्या सनदेच्या पायावर. तिचा रोख असा की आधी जपा, मग दुरुस्त करा, नवं काही घातलंत तर ते ओळखू येऊ द्या आणि लिहून ठेवा. यातलं 'लिहून ठेवा' मला सर्वांत मोलाचं वाटतं. मी जाहिरातीत नेमकं तेच टाळलं होतं.

सरकारनंही २०२१ च्या जुलैत जुन्या गाड्यांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी-चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं, दुरुस्ती यांसाठी ती रस्त्यावर काढता येते, रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार मात्र नको. पहिल्या पद्मिनीसुद्धा आता या वयात आल्या आहेत.

पुण्याच्या गृहस्थांनी बोनेट उघडलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला तो यामुळंच. इंजिन १९५७ चं नव्हतं. १९८६ साली मामांनी मुंबईत टॅक्सीतून उतरवलेलं पद्मिनीचं इंजिन बसवून घेतलं होतं, त्या काळी अर्ध्या डुक्कर फियाटींचं झालं तसंच. गृहस्थांनी बॅटरीच्या उजेडात नंबर पाहिला आणि माझ्याकडं पाहिलं. मी काहीतरी सारवासारव करणार तोच मामा आत गेले आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आले.

आत आरसी बुक. इंजिन बदलल्याची नोंद, आरटीओचा शिक्का, सही. खाली दोऱ्यानं बांधलेली चाळीस पानी वही, मुकादमाच्या अक्षरातली. टोळीचा हिशेब लिहायची सवय असल्यानं मामांनी गाडीचाही लिहिला होता: रिंग-पिस्टन, क्लच प्लेट, रेडिएटर टाका मारला, मागचं काच रबर, तारखेसकट. 'उ. मडगार्ड लांबी, फसवलं' अशीही एक ओळ. गृहस्थांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि ती वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली. चुंबक केव्हाच खिशात गेलं होतं.

अर्ध्या तासानं त्यांनी विचारलं, "काका, मूळ इंजिन भंगारात घातलं का?"

"मिस्त्री घालणारच हुता. म्या पाठीवर घेतलं आन् डिकीत टाकून आणलं. एवढं चांगलं लोखंड."

"आहे कुठं?"

मामांनी गोठ्याकडं हात केला. म्हैस उठवावी लागली. तिचं दावं ज्याला बांधलं होतं तो शेणानं सारवलेला धोंडा म्हणजे चार सिलिंडरचा ओतीव ब्लॉक निघाला. गृहस्थ उकिडवे बसले. मी पाण्याची बादली आणली, त्यांनी नारळाच्या शेंडीनं एक कडा घासली. हळूहळू आकडे वर आले, पहिले चार स्पष्ट, आरसी बुकातल्या खोडलेल्या नंबराशी जुळणारे. शेवटचे दोन गंजानं खाल्ले होते. त्यांनी ते बोटानं चाचपून पाहिले, पुन्हा पाणी ओतलं, आणि मामांना विचारलं की घरात रॉकेल आहे का.