कुवेतचे निळे मनोरे आणि चकणारा डोळा



‘ऑप आर्ट’ म्हणजे डोळ्यांना चकवणारी चित्रकला. तिच्यात माणूस नाही, झाड नाही, गोष्ट नाही; नुसत्या रेघा, चौकटी आणि गोल. आपल्यातले पुष्कळ जण अशा चित्रासमोर उभे राहून विचारतात, “यात कळायचं काय?” कळायचे फारसे नाहीच. पाहायचे मात्र भरपूर आहे, आणि म्हणूनच ती आम्हाला आवडते.

तिच्याच जातीचे एक मोठे काम कुवेतमध्ये आहे, तेही चक्क पाण्याच्या टाक्यांवर! शहराच्या समुद्रकाठी तीन मनोरे आहेत. ते १९७९ साली लोकांसाठी उघडले. सर्वांत उंच मनोरा १८७ मीटरचा. दोन मनोऱ्यांवर प्रचंड गोल बसवलेले आहेत आणि त्यांत शहराचे पाणी साठवतात. आराखडा मालेने ब्योर्न या डॅनिश बाईंचा. गोलांवर सुमारे ४१,००० पोलादी चकत्या आहेत, इनॅमल चढवलेल्या, आपल्या जुन्या इनॅमलच्या ताटल्यांसारख्या. निळ्या, हिरव्या आणि राखाडी रंगांच्या आठ छटा, मळसूत्री ओळींत लावलेल्या. जवळून प्रत्येक चकती वेगळी. दूर जावे तसे रंग एकमेकांत मिसळत जातात. जुन्या मशिदींच्या फरशीदार घुमटांची आठवण व्हावी, हा त्यामागचा विचार.

डोळा चकतो तो का? आपला डोळा कधीच पूर्ण स्थिर नसतो, तो बारीक बारीक हलत असतो. काळ्या रेघेची छाप क्षणभर डोळ्यात उरते आणि शेजारच्या पांढऱ्या रेघेवर पडते. मग कागद स्थिर असला तरी रेघा थरथरतात. गावच्या घरी मच्छरदाणीची घडी घालताना एका जाळीवर दुसरी जाळी येई आणि त्यांत पाण्यासारख्या लाटा सरकत, ते आठवा. तीही याच कलेची भावंडे.

न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात १९६५ साली या कलेचे मोठे प्रदर्शन भरले. त्यात आपल्या रिशोन लेत्सियोनचे याकोव आगामही होते. ते रब्बीचे चिरंजीव. मूर्ती आणि मुखवटे नकोत म्हणणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला आकारांची ही भाषा जवळची वाटली असावी, असे आम्हाला वाटते. मशिदीच्या घुमटावर नक्षी उमलली तीही अशाच शिकवणीतून.

आपल्या कोकणातले कितीतरी लोक नोकरीसाठी कुवेतला गेले. त्यांनी ते मनोरे रोज पाहिले असतील. आपल्या इस्राएली पासपोर्टला मात्र तो देश बंद आहे. आपल्या वाट्याला फोटो येतो, आणि फोटोत नेमकी हीच कला मरते, कारण पाहणाऱ्याने चालावे लागते.

म्हणून रिशोनला जा. आगाम यांचे संग्रहालय तिथे २०१७ पासून आहे. त्यांची युक्ती पन्हळी पत्र्यासारखी: घड्यांच्या डाव्या बाजूंवर एक चित्र, उजव्या बाजूंवर दुसरे. एका टोकाला उभे राहा आणि सावकाश दुसऱ्या टोकाकडे चला. पहिले चित्र विरते, मधे दोन्ही मिसळतात, मग दुसरे उरते. गुडघे दुखत असतील तर नातवंडांना चाकाची खुर्ची ढकलायला सांगा. सावकाश ढकला म्हणावे. ही मुले घाई करतात.